लेव्हल ४ : एकच आकडा, क्षेत्रं वेगळी

कौशल्याच्या प्रमाणपत्रांवर आज लेव्हलचा आकडा छापलेला असतो. जुन्या आयटीआयमध्ये लेव्हल नावाची गोष्ट नव्हती, ट्रेड होता, म्हणजे फिटरसारखा शिकायचा व्यवसाय. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. ट्रेड किती मुदतीचा, एवढीच प्रतवारी पुढे अर्धं शतक पुरली.

गुंता २००८ नंतरचा. उद्योगांच्या पुढाकाराने क्षेत्रनिहाय परिषदा निघाल्या आणि जो तो आपल्या क्षेत्रातल्या जॉब रोलची यादी करू लागला. त्याच सुमारास शिक्षण आणि कामगार या दोन खात्यांनी आपापल्या चौकटी आखल्या. त्या एकत्र करून २७ डिसेंबर २०१३ ची अधिसूचना निघाली, तीच एनएसक्यूएफ, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट. तीत दहा लेव्हल होत्या आणि प्रत्येक लेव्हल पाच निकषांवर ठरायची : कामाची प्रक्रिया, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, मूलभूत कौशल्य आणि जबाबदारी. अधिसूचनेत मुदतीही होत्या. तीन वर्षांनंतर सरकारी पैसा फक्त चौकटीत बसणाऱ्या अभ्यासक्रमांना मिळणार होता. मग घाईघाईने सगळं चौकटीत बसवलं गेलं, यात नवल नाही.

खरी अडचण 'लेव्हल' या शब्दाची. कागदोपत्री ती कामाची असते. माणसाची नाही आणि अभ्यासक्रमाच्या लांबीचीही नाही. लेव्हल ४ च्या वर्णनाचा सारांश असा : ओळखीची, नेहमीची, अंदाज येण्याजोगी परिस्थिती आणि समोर स्पष्ट पर्याय. हे वर्णन कशालाही बसतं. म्हणून जॉब रोलच्या सुरुवातीच्या संचात बिनशस्त्र सुरक्षारक्षक, रुग्णालयातला जनरल ड्यूटी असिस्टंट, दुकानातला सेल्स असोसिएट आणि शिलाई मशीन चालवणारा असे सगळे चारवर येऊन बसले. सर्वसाधारण प्लंबर मात्र तीनवर. पाइपला उतार देणं आणि गळती शोधणं हे गेटवर नोंदवही ठेवण्यापेक्षा सोपं आहे, असं कोणताही प्लंबर कबूल करणार नाही. प्रत्येक क्षेत्राने आपल्यापुरती शिडी रचली. दोन शिड्यांच्या पायऱ्या शेजारी ठेवून मोजण्याचं काम मागे पडलं.

त्यात २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची भर पडली. तिचे वर्ग सुरुवातीच्या टप्प्यांत साधारण १५० ते ३०० तासांचे होते. आधीच काम येणाऱ्यांसाठी तर तेव्हा १२ तासांचं ओरिएंटेशन आणि मूल्यमापन, की प्रमाणपत्र हातात. तत्त्व म्हणून ते चूक नाही, कारण मोजायचं आहे ते काम, वर्गात घालवलेले तास नव्हेत. पण भरतीच्या जाहिरातीत नुसतं 'लेव्हल ४' लिहिलं की १२ तासवाला आणि ३०० तासवाला एकाच ढिगात येतात आणि अर्ज चाळणाऱ्याला फरक दिसत नाही.

आयटीआयला हे सर्वांत जास्त झोंबलं ते २०२२ च्या फेररचनेत. दोन वर्षांचा फिटर तोवर लेव्हल ५ वर होता, सुधारित अभ्यासक्रमात तो ४ वर आला. हा बदल चौकटीच्या पुढच्या वर्षीच्या नव्या मांडणीशी जुळतो. २०२३ मध्ये लेव्हल आठच उरल्या, मध्ये अर्ध्या पायऱ्या आल्या आणि शिडी शाळा-कॉलेजशी जोडली गेली : दहावी ३, बारावी ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५. दहावीनंतर दोन वर्षं म्हणजे ४, हा हिशेब सरळ आहे. पण ज्यांच्याकडे जुनं प्रमाणपत्र आहे, त्यांच्या प्रमाणपत्रावर ५ छापलेलं आहे. एकाच ट्रेडचे दोन फिटर समोर आले तर जुना वरचा दिसतो. फरक कौशल्याचा नसतो, छपाईच्या सालाचा असतो.

अल्पमुदतीच्या अर्हतांतही हेच घडतं. त्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि फेरआढाव्यात तास, घटक, कधी लेव्हलही बदलते. त्यामुळे दोन क्षेत्रांतली प्रमाणपत्रं ताडून पाहताना आकड्याआधी क्यूपी कोड (क्वालिफिकेशन पॅक, म्हणजे त्या जॉब रोलच्या निकषांचा दस्तऐवज, त्याचा क्रमांक) आणि त्यापुढचा आवृत्ती क्रमांक वाचावा, मग एकूण तास पाहावेत आणि त्यातलं प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण किती ते वेगळं काढावं. जबाबदारीचा निकष शेवटी वाचावा. 'स्वतःच्या कामाची जबाबदारी' आणि 'देखरेखीखाली काम' या दोन शब्दप्रयोगांतला फरक आकड्यापेक्षा जास्त सांगतो. परीक्षा कोणी घेतली तेही पाहावं लागतं. आयटीआयमध्ये प्रॅक्टिकलला किमान ६० टक्के लागतात. तेवढी अट दुसरीकडेही असेल असं गृहीत धरता येत नाही.