अननोन-ब्लॉक (०,०) म्हणजे नेमकं काय?

लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल करून पहिल्यांदा बूट केला की अनेकजण याच ओळीपाशी अडकतात: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. घाबरून पुन्हा बिल्ड लावू नका. हा संदेश दिसला याचाच अर्थ कर्नल मेमरीत आला, सुरू झाला आणि बराच पुढे गेला. अडलंय ते रूट फाइल सिस्टिमपाशी, म्हणजे जिच्यावर सगळी सिस्टिम असते तिच्यापाशी.

कंसातले आकडे म्हणजे डिव्हाइसचा मेजर (कोणत्या प्रकारचं) आणि मायनर (त्यातलं नेमकं कोणतं) क्रमांक. साटा डिस्कचा मेजर ८, म्हणून (८,१) म्हणजे एसडीए१. हे दिसलं तर डिस्क सापडली आहे, पण तिच्यावरची एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिम वाचायची सोय बहुधा कर्नलमध्ये नाही. (०,०) असेल तर बूट होताना कर्नलला ‘रूट=’ मध्ये दिलेलं डिव्हाइस कर्नलला मुळात ओळखताच आलेलं नाही.

आता पॅनिकच्या ओळीच्या वर पाहा. तिथे कर्नल उपलब्ध पार्टिशनांची यादी छापतो. माझ्या मते स्क्रीनवरची सर्वांत कामाची माहिती हीच, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. यादीत डिस्कच नसेल तर एनव्हीएमई किंवा एएचसीआयचा (डिस्क जोडण्याच्या पद्धतींचा) ड्रायव्हर आलेला नाही. कर्नल बिल्ड करतानाच्या कॉन्फिगमध्ये तो ‘वाय’ असेल तर कर्नलच्या आत बसतो. ‘एम’ असेल तर मॉड्यूल म्हणून डिस्कवर राहतो. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! हा पेच सोडवायला इनिटरॅमएफएस असतं: गरजेची मॉड्यूलं घेऊन बूटलोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हातूनच मेमरीत येणारी छोटी फाइल सिस्टिम. मॉड्यूलं जागेवर ठेवणारी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आज्ञा न देता थेट ‘मेक इन्स्टॉल’ केलं, तर इनिटरॅमएफएसमध्ये मॉड्यूलं जाणार कुठून?

यादीत डिस्क आहे आणि तरी (०,०)? मग ‘रूट=यूयूआयडी’ तपासा. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) शोधणं हे इनिटरॅमएफएसमधल्या प्रोग्रॅमचं काम; एकट्या कर्नलला फक्त पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो. ग्रब या बूटलोडरमधली, इनिटरॅमएफएस आणायला सांगणारी ‘इनिटआरडी’ची ओळ सुटली की अगदी अचूक यूयूआयडीही निरुपयोगी ठरतो.

एवढं वाचून सगळेच ड्रायव्हर ‘वाय’ करावेसे वाटतील. तसं केलंत की ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ दिसू लागण्याची शक्यता वाढते. उणे आकडे हे कर्नलचे एरर कोड: -२ म्हणजे फाइल नाही, -१९ म्हणजे डिव्हाइस नाही, -११० म्हणजे वेळ संपली. आत बसवलेला ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधीच जागा होतो आणि डिस्कवरची फर्मवेअर फाइल (हार्डवेअरमध्ये भरायचा प्रोग्रॅम) मागतो. ती तेव्हा मिळणार कशी? अशा ड्रायव्हरना ‘एम’च बरं. मात्र इंटेलचा वायफाय ड्रायव्हर आधी नवी आवृत्ती मागून मग जुनीवर येतो, त्यामुळे वायफाय नीट चालत असेल तर ती -२ खुशाल सोडून द्या.

आणि हो, रूट माउंट व्हायच्या आधीच पॅनिक झाल्यावर लॉग डिस्कवर लिहिला जात नाही. नंतर जर्नलसीटीएल (लॉग दाखवणारी आज्ञा) चाळून काही मिळायचं नाही. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून संदेश लपवणारा ‘क्वाएट’ शब्द काढा, पुन्हा बूट करा आणि मोबाइलने स्क्रीनचा फोटो घ्या. जुना कर्नल ग्रबच्या मेनूत राहू द्या. दुरुस्ती त्यातूनच करायची आहे.