वॉटरप्रूफ असतो तो गोंद

आमच्या प्लायवूडच्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतं: "वॉटरप्रूफ आहे ना?" चिपळूणसारख्या गावात ते साहजिक आहे. पावसाळ्यात इथल्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. शिवाय 22 जुलै 2021 चा वाशिष्ठीचा पूर इथे कुणीच विसरलेलं नाही.

पूर ओसरल्यावर मी बरीच घरं पाहिली. त्यातल्या एका घरात तीन वस्तू एकाच पाण्यात बुडाल्या होत्या आणि तिघी तीन तऱ्हांनी वागल्या होत्या. फणसाच्या फळ्यांचं जुनं दार फुगून चौकटीत अडकलं होतं. दिवाळीपर्यंत ते वाळलं आणि पहिल्यासारखं लागायला लागलं. मरीन प्लायचं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या गोंदाच्या प्लायवूडचं, कपाट चिखल धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभं राहिलं. सनमायका तेवढा एका कडेला सुटला होता. किचनच्या पार्टिकल बोर्डाच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीच्या) खणांचं मात्र काही उरलं नव्हतं. 18 मिलीमीटरची फळी पंचवीसच्या पुढे फुगली होती आणि बोटाने दाबली की चहात बुडवलेल्या खारीसारखी कुस्करत होती. वाळल्यावरही ती मूळ जाडीवर आली नाही.

तिन्ही वस्तू लाकडाच्याच. मग एवढा फरक कशामुळे?

झाडाचं खोड म्हणजे बारीक नळ्यांची उभी मोळी. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. सेल्युलोजला पाण्याची ओढ फार. हवेतला ओलावासुद्धा त्याच्या साखळ्यांमध्ये शिरतो आणि भिंत फुगते. नळी जाड होते, पण लांब होत नाही. त्यामुळे लाकूड तिन्ही दिशांना सारखं फुगत नाही. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या गोलाईने सुमारे 5.8 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के, आणि उभ्या लांबीत मोजायलाही कठीण. देशावरच्या उन्हाळ्यात वाळलेल्या लाकडात पाणी सहा-सात टक्के असतं. तेच लाकूड जुलैत कोकणात आणलं की सतराच्या घरात जातं. एवढ्या फरकाने अडीच फुटी फळ्यांचं दार फळी कशी कापली आहे त्यावर सहापासून पंधरा मिलीमीटरपर्यंत रुंद होऊ शकतं. जुने सुतार दारात सांधा मोकळा ठेवायचे तो याचसाठी.

प्लायवूड हा या फुगण्यावरचा उपाय आहे. ओंडका आधी गरम पाण्यात मऊ करतात, मग तो यंत्रावर फिरवून लांब पात्याने सोलतात. गुंडाळलेली चटई उलगडावी तसा लाकडाचा पातळ पापुद्रा निघत जातो. हे पापुद्रे एकावर एक आडवे-उभे रचून, गोंद लावून, गरम प्रेसमध्ये दाबतात. आडव्या पापुद्र्याला रुंदीत फुगायचं असतं, पण त्याच्या वर-खाली चिकटलेला उभा पापुद्रा त्या दिशेने लांबायला तयार नसतो. एकमेकांना धरून ठेवल्यामुळे अडीच फुटांच्या प्लायमध्ये फरक एखाद-दोन मिलीमीटरवर थांबतो. थर नेहमी विषम ठेवतात, 18 मिलीमीटरला बहुधा 11 किंवा 13. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहिली तरच फळी पिळत नाही.

म्हणजे ही सगळी व्यवस्था गोंदाच्या भरवशावर उभी आहे. पापुद्रा तर पाणी पिणारच, लाकूड आहे ते. प्लायवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते गोंदाबद्दल असतं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सर्वात आधी हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि नेमकं तेच सांगितलं जात नाही.

आपल्याकडे दोन गोंद मुख्य. स्वस्त प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड. तो घट्ट होताना रेणूंच्या जोडणीतून पाणी बाहेर पडतं. पुढे पाणी आणि उष्णता पुन्हा मिळाली की हीच क्रिया उलटी चालते आणि जोडणी सुटते. चांगल्या प्लायमधल्या फिनॉल फॉर्मल्डिहाइडमधले रेणूंना जोडणारे पूल कार्बनचे असतात, पाण्याला ते सहज उघडता येत नाहीत. म्हणून आयएस 303 या भारतीय मानकातल्या एमआर दर्जाच्या प्लायची चाचणी 60 अंशाच्या पाण्यात 3 तासांची असते, तर आयएस 710 च्या मरीन प्लायला 72 तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात. एमआर म्हणजे ओलावा सोसणारा. दिवाणखान्यातल्या टीव्ही युनिटला तो पुरे. सिंकखाली तोच लावणं म्हणजे चुकीच्या जागी पैसे वाचवणं.

फिनॉलचा गोंद गडद तपकिरी, युरियाचा जवळजवळ बिनरंगी. कडेला पापुद्र्यांमध्ये काळसर रेघा दिसल्या की लोकांना हायसं वाटतं. पण रंग मिसळता येतो, त्यामुळे रेघेवर विसंबू नका. दोन इंचाचा तुकडा मागून घ्या आणि घरी जुन्या पातेल्यात चार तास उकळा. युरियाचा प्लाय पानांसारखा सुटू लागतो. तुकडा द्यायला खळखळ करणाऱ्या दुकानातून माल घेऊ नका. आयएसआय खुणेजवळ छापलेला सीएम/एल क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, तेही कळतं.

पार्टिकल बोर्डाचं दुखणं वेगळं. त्यात लाकडाचा चुरा गोंद लावून दाबतात, तेव्हा प्रत्येक कण चेपलेला असतो. पाणी लागलं की कण आधी नेहमीप्रमाणे फुगतो, वर चेपलेपणातूनही सुटतो आणि त्या ओढीने शेजारचा गोंदही तोडतो. फुगणं परत जातं, सुटणं परत जात नाही. पुरातली ती फळी वाळूनही जाडच राहिली ती यामुळे. ओलाव्यासाठीचे बोर्ड मिळतात, त्यात मेलामाइन मिसळलेला गोंद असतो आणि ते बरेच टिकाऊही असतात. काहींचा गाभा हिरवा असतो, पण तो हिरवा रंग फक्त ओळखीसाठी.

युरियाच्या गोंदाची आणखी एक बाजू घरात लहान मूल असलेल्यांनी तरी जाणून घ्यावी. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात तो फॉर्मल्डिहाइड वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने तो घनमीटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर नसावा, असं संघटना सांगते. उष्ण, दमट हवेत तो जास्त निघतो, आणि निघतो मुख्यतः उघड्या कडांमधून आणि भोकांमधून. ई1 किंवा ई0, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, असं लिहिलेला बोर्ड घ्या, कडा बंद करून घ्या, आणि नवी खोली काही आठवडे उघडी ठेवा.

"पूर्वीचा प्लाय असा नव्हता," असं वयस्कर गिऱ्हाइकं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला लगाम घातला. त्यानंतर हा धंदा शेतातल्या झाडांकडे वळला: हरियाणात यमुनानगरकडे पॉप्लर आणि निलगिरी, केरळात पेरुंबावूरला रबराचं झाड. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा प्लायच्या वरच्या थराला लागणारा गर्जन झाडाचा लाल पापुद्राही महागला. जंगलांसाठी हे चांगलंच झालं. पण सहा-सात वर्षांत तोडलेल्या पॉप्लरमध्ये जुन्या सागाचं वाळवीला नको असणारं तेल नसतं. तो गुण आता औषधातून द्यावा लागतो, तेव्हा प्लायला कोणती प्रक्रिया केली आहे हे विचारायलाच हवं.

मोल्डिंगच्या पट्ट्यांचं थोडक्यात सांगतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड, दाबताना गरम प्रेसला टेकलेले वरचे-खालचे थर आधी दबून घट्ट होतात, मधला थर सैल राहतो. पट्टीला नक्षी कोरताना पातं नेमकं त्या सैल थरात शिरतं. म्हणून एकाच पट्टीवर सपाट भाग तुकतुकीत आणि कोरलेला भाग खरखरीत दिसतो. तिथे सीलर आणि प्राइमरचा जास्तीचा हात लागतो. जमिनीलगतच्या स्कर्टिंगला मात्र मी एमडीएफ देतच नाही. रोज लादी पुसताना तिची खालची कड ओली होते.

या कडेसाठीच तर हा लेख लिहायला घेतला. नळीच्या उघड्या तोंडातून पाणी आडव्या भिंतीपेक्षा कितीतरी वेगाने आत जातं. फळीला अशी तोंडं फक्त दोन टोकांना असतात. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे ती चारही कडांना असतात. वर हजारो रुपयांचा सनमायका आणि कड कोरी, म्हणजे छत्री उघडून पाण्यात उभं राहण्यासारखं.

एका साइटवर बाथरूमची दारं दोन पावसाळ्यांत खालून सुटली, तेव्हा बिल्डर माल परत घ्या म्हणत माझ्याकडे आले. आम्ही दोघांनी मिळून एक दार उतरवलं. वरचे साडेसहा फूट धडधाकट, आणि खालची चार बोटं काळी, पापुद्रे सुटलेली. लादी बसल्यावर मिस्त्रीने दार खालून तासलं होतं आणि तसंच टांगलं होतं. रंगारी आला तोवर तिथे ब्रश जायला जागाच नव्हती. आता त्यांच्याकडे तासलेल्या कडेला दोन हात रंग लागल्याशिवाय बिजागरीचा स्क्रू बसत नाही.

तुमच्या बाथरूमच्या दाराखालून मोबाइल आत सरकवा आणि कॅमेरा वर करून एक फोटो काढा. लाकडाच्या आडव्या-उभ्या रेघा स्वच्छ दिसल्या, तर पाऊस यायच्या आत रंगाऱ्याला बोलवा आणि दार उतरवूनच रंग द्यायला सांगा.