निगेटिव्ह, पण कशात? मांजरांची जनुक चाचणी आणि सोनोग्राफी

पिल्लू विकणारा व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवतो, त्यावर आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा निकाल ‘निगेटिव्ह’ लिहिलेला असतो, आणि घेणारा निर्धास्त होतो. मला कोणी असा कागद दाखवला की मी आधी विचारते, ही जनुक चाचणी आहे की सोनोग्राफी? आणि मांजर कुठल्या जातीचं?

जनुक चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. पिल्लू नुकतंच आईला प्यायलं असेल तर थोडं थांबायचं, नाहीतर काडीला आईच्या पेशीही लागतात. काडी वाळवून मगच पाकिटात घालायची. ही चाचणी जन्मात एकदा केली की पुरते, कारण आईबापाकडून काय आलंय तेवढंच ती वाचते, आणि ते कधी बदलत नाही. सोनोग्राफी आज शरीरात काय दिसतंय ते सांगते.

पुण्या-मुंबईत इतक्या घरांत दिसणाऱ्या पर्शियनचं उदाहरण घ्या. तिच्यातला आनुवंशिक आजार म्हणजे पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज). मूत्रपिंडात पाण्याच्या बारीक गाठी जन्मापासून असतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. 2004 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यामागचा जनुकातला बदल शोधला. आईबापांपैकी एकाकडून आला तरी आजार होतो, म्हणून बाधित बोका मेटिंगला दिला की प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. पर्शियनमध्ये हा आजार जवळजवळ नेहमी याच एका बदलामुळे होतो, त्यामुळे इथे जनुक चाचणीतल्या ‘निगेटिव्ह’वर भरवसा ठेवावा. सोनोग्राफीतलं ‘निगेटिव्ह’ मात्र तीन महिन्यांच्या पिल्लाचं असेल तर त्यावर विसंबू नका. गाठी तेव्हा इतक्या लहान असतात की निसटतात. दहा महिन्यांनंतरची तपासणी खात्रीची. पोटावरचे केस काढून, जेल लावून, मांजरीला उताणी धरतात. पडद्यावर राखाडी मूत्रपिंडात काळे गोल ठिपके दिसले की त्या गाठी. किती आणि केवढ्या, हे फक्त इथेच कळतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो कचरा, वाढेपर्यंत थांबलात तर मूत्रपिंडाचं बहुतेक काम आधीच गेलेलं असतं.

मेन कून या दुसऱ्या जातीत सगळं उलटं होतं, आणि इथेच माणसं फसतात. तिचा आजार हृदयाचा, एचसीएम: हृदयाची भिंत जाड होत जाते. 2005 मध्ये एमवायबीपीसी-3 या जनुकात एक बदल सापडला आणि त्याची चाचणी आली. पण हा बदल नसलेल्या मेन कूनलाही एचसीएम होतो, आणि बदलाची एकच प्रत असलेली, म्हणजे तो आईबापांपैकी एकाकडूनच आलेली, कितीतरी मांजरं म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहतात. म्हणजे निगेटिव्ह कागद हातात असला तरी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, चुकवता येत नाही. तीही एकदा करून भागत नाही. दोन वर्षांच्या बोक्याचं हृदय स्वच्छ दिसतं आणि पाचव्या वर्षी भिंत 6 मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. पिल्लं काढायची असतील तर दरवर्षी इको हवाच. रॅगडॉल या आणखी एका जातीत त्याच जनुकातला वेगळा बदल आढळतो, तेव्हा मेन कूनची चाचणी तिला लावून उपयोग नाही.

स्टेथोस्कोपवर काही वेगळं ऐकू आलं नाही म्हणून हृदय ठीक, असंही समजू नका. या आजारात कधीकधी पहिलं लक्षणच रक्ताची गुठळी असतं. मांजर अचानक किंचाळतं, मागचे पाय ओढत चालतं, पंजे हाताला गार लागतात, तळव्यांची गुलाबी गादी निळसर पडते. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या.

आणि पर्शियनचा कागद पॉझिटिव्ह आला तर तिला कृपा करून कोणाला देऊन टाकू नका. नसबंदी करून घ्या, पाणी भरपूर पोटात जाईल असं ओलं खाणं द्या, ठरावीक काळाने रक्त-लघवी तपासा. अशा कितीतरी मांजरी वर्षानुवर्षं मजेत जगतात. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा मात्र पिल्लाच्या कागदावर थांबू नका, आईबापाचे रिपोर्ट मागा: पर्शियनला दोघांची जनुक चाचणी, मेन कूनला त्यासोबत दोघांचा याच वर्षीचा इको.