व्हेक्टर फाइल फोटोशॉपमध्ये ‘ओपन’ होते म्हणजे काय?

व्हेक्टर फाइल म्हणजे पिक्सेलच्या ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांच्या रूपात साठवलेलं चित्र. छापायच्या पानाचं वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ मध्ये आली, व्हेक्टर चित्रं काढायचं इलस्ट्रेटर १९८७ मध्ये, पिक्सेलवर काम करणारं फोटोशॉप १९९० मध्ये. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीत, फोटोशॉप इलस्ट्रेटरची रेखाकृती पिक्सेलमध्ये उतरवून घेऊ लागलं. मेनूत त्याला शब्द मिळाला ‘ओपन’, आणि माझ्या मते घोळाचं मूळ तिथे आहे. ओपन म्हटलं की आपल्याला वाटतं, आहे ती फाइल समोर आली. प्रत्यक्षात आधी रुंदी, उंची, रिझोल्यूशन (इंचाला किती पिक्सेल) विचारलं जातं आणि त्या मापाचं नवं चित्र तयार होतं. दोन इंची लोगो ७२ रिझोल्यूशनवर उघडला तर रुंदीला १४४ पिक्सेल मिळतात, ३०० वर ६००. मग बॅनरसाठी तो ताणला की कडा फाटतातच. २००५ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आले, म्हणजे ‘प्लेस’ केलेली, उघड्या चित्रात आणून ठेवलेली फाइल मूळ रेषांसकट आत राहू लागली. ‘ओपन’ मात्र तसंच राहिलं.

ईपीएसच्या, म्हणजे पोस्टस्क्रिप्टवर आधारलेल्या चित्रफाइलींच्या दिवसांत आपल्याकडे फॉन्टचा त्रास वेगळाच. जुने मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले. फॉन्ट सापडला नाही की वधूवरांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी. पत्रिका छापणारे डीटीपीवाले ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा, म्हणतात ते यासाठीच.

सगळ्यात वादाचा निर्णय २००० सालचा. इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीने एआय फाइलचा (इलस्ट्रेटरच्या स्वतःच्या .ai फाइलचा) पाया पोस्टस्क्रिप्टवरून पीडीएफवर नेला. तेव्हापासून एकाच फाइलमध्ये दोन प्रती असू शकतात: एक इलस्ट्रेटरची स्वतःची, पुढे दुरुस्ती करता येईल अशी, दुसरी पीडीएफची, इतर सॉफ्टवेअरसाठी. फोटोशॉप ही दुसरीच वाचतं. दोन प्रतींनी फाइल जड होते, म्हणून पीडीएफची प्रत ठेवायची की वगळायची, हे सेव्ह करतानाच्या चौकटीत एका टीकमार्कवर ठेवलं गेलं: टीक असेल तर प्रत राहते, काढली तर वगळली जाते. टीक मुळात लावलेली असते, पण जागा वाचवायला किंवा सेव्ह लवकर व्हावं म्हणून अनेकजण ती काढतात. मला हे पटत नाही: टीक काढतो पाठवणारा, अडतो उघडणारा. त्याच्या पडद्यावर चित्राऐवजी पांढरं पान येतं आणि त्यावर ‘ही फाइल पीडीएफ मजकुराशिवाय सेव्ह केली आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा छापलेलं. कित्येकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेलं काही नसतं. इलस्ट्रेटरमध्ये उघडून, टीक लावून पुन्हा सेव्ह केली की तीच फाइल फोटोशॉपमध्ये दिसते. इलस्ट्रेटर नसेल, तर पाठवणाऱ्याकडेच परत जावं लागतं.