‘हीट लॉस’ की उष्णतेचा शिरकाव: जुन्या इमारतींच्या थर्मल तपासणीची पार्श्वभूमी

अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा शोध १८०० साली इंग्लंडमध्ये लोलक आणि तापमापक यांच्या साह्याने लागला, पण या किरणांवरून पृष्ठभागाचे तापमान रंगांत दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांचा इमारतींच्या भिंतींवर उपयोग होऊ लागला तो प्रामुख्याने १९७३च्या तेलसंकटानंतर, घरे उबदार ठेवण्याचा खर्च पाश्चात्त्य देशांना जाचू लागला तेव्हा. सेन्सर द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागणारे ते अवजड कॅमेरे भिंतीतून ऊब कोठून निसटते हे दाखवत, आणि ‘हीट लॉस’, म्हणजे उष्णता बाहेर निसटणे, हा शब्द तिथूनच या तंत्राला चिकटला.

ठाणे-नवी मुंबईत हा शब्द जवळजवळ उलटा पडतो. येथे उष्णता बाहेर जात नाही, आत शिरते. शिवाय त्याचे ‘उष्णतेची गळती’ असे भाषांतर केले की सोसायटीच्या सभेत प्रत्येकाला आपल्या छताची ओलच आठवते. कॅमेऱ्याचा उपयोगही बहुतेकदा त्याचसाठी होतो, कारण बाष्पीभवनामुळे ओला भाग गार राहतो आणि चित्रात निळा दिसतो. मात्र कॅमेरा पाणी पाहत नाही आणि भिंतीच्या आरपारही पाहत नाही. तो केवळ पृष्ठभागाच्या तापमानाचा अंदाज देतो. एसीच्या झोतानेही तसाच निळा डाग पडत असल्याने, ओलावामापकाने खात्री न करता वरच्या मजल्यावरचे बाथरूम फोडायला लावणे अन्यायाचे आहे. ऐन पावसाळ्यात हवा दमट आणि आत-बाहेरचे तापमान जवळपास सारखे असल्यामुळे चित्र फिकट येते. ऑक्टोबरच्या उन्हात ते अधिक बोलके होते.

वाशीतील सुरुवातीच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा उष्णतारोधनाचा विचार फारसा नव्हता. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा मुख्यतः पाण्यासाठी होता. अशा इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी कॅमेरा रोखला, तर विटांच्या मधून काँक्रीटचे खांब आणि तुळया उजळ शिडीसारख्या उठून दिसतात, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर रात्री उशिरापर्यंत छतच तापलेले आढळते.

२०१८च्या निवासी ऊर्जासंहितेने भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घालून ‘हीट लॉस’मधली ही उलटी दिशा अखेर सरळ केली, पण ती संहिता नव्या बांधकामांसाठी आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना करावे लागणारे स्ट्रक्चरल ऑडिट मजबुतीपुरते असते; त्यात थर्मल चित्रे घेतली, तरी ती ओल आणि सुटलेले प्लास्टर शोधण्यासाठी.