जुन्या कुंडीत नवं रोप लावण्याआधी

मार्च सरत आला की पिटुनिया, डायँथस, शेवंती आटोपतात आणि गच्चीत, बाल्कनीत रिकाम्या कुंड्या जमायला लागतात. जूनमध्ये चार सरी पडल्या की तुम्ही रोपं न्यायला आमच्या रोपवाटिकेत येता आणि कधी कधी पंधरा दिवसांत परत येता, "तुमचं रोप जगलं नाही हो" म्हणत. चूक आमची असेल तर रोप बदलून देतोच. पण खोदून विचारलं की बरेचदा कळतं, कुंडी जुनी, माती जुनी, मधे हाताने खड्डा करून नवं रोप बसवलेलं. कुंड्या विकणं हा आमचाही धंदा आहे, तरी सांगतो: नवी घेण्याची घाई करू नका. आहे ती नीट धुवा.

आधी मुळं बघा

दोन दिवस पाणी तोडा, मग कुंडी आडवी धरून बाहेरून थापट्या मारा. गड्डा अख्खा सुटतो. तो टाकायच्या आधी मुळांकडे निरखून पाहा. टोमॅटो, वांगं, भेंडी लावली असेल तर हमखास. मुळांवर माळेसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचा, उपद्रव समजा. घेवडा, चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नखाने अलगद सुटतात आणि त्या चांगल्या, हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या. सूत्रकृमींची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. मुळांना किंवा कुंडीच्या आतल्या अंगाला पांढरा कापूस चिकटलेला दिसला, तर पिठ्या ढेकूण. अशी माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, घरच्या खतातही टाकू नका.

बाकीची माती वाया घालवायचं कारण नाही. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. माती ओलसर करून वीतभर जाडीचा थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबा आणि ४ ते ६ आठवडे तशीच ठेवा. काळा कागद नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. नंतर शेणखत मिसळून वापरा.

धुणं

आधी कोरडंच घासा, नारळाच्या शेंडीने. तळाच्या भोकात जुनी मुळं अडकलेली असतात, ती खिळ्याने काढा. मग साबणाचं पाणी.

मातीच्या कुंडीवर बाहेरून येणारा पांढरा थर पाहून "बुरशी आली" म्हणून कुंडी टाकणारे बरेच भेटतात. बहुतेक वेळा ते क्षार असतात: बोअरचं जड पाणी आणि रासायनिक खत, दोन्ही मातीतून झिरपून बाहेर वाळतं. पांढरं व्हिनेगर १ भाग आणि पाणी ४ भाग घेऊन त्यात कुंडी अर्धा तास बुडवा, मग घासा. थोडा डाग राहिला तर राहू द्या, रोपाला त्याचं काही नाही. सिमेंटच्या कुंडीला मात्र व्हिनेगर लावू नका, आम्ल सिमेंटला खातं.

ब्लीच फक्त रोगाने रोप गेलं असेल तरच. साधं घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ९ भाग, त्यात १० मिनिटं. कुंडी आधी घासलेली हवी, माती राहिली तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. नंतर स्वच्छ पाण्यात बुडवून, दोनदा पाणी बदलून, कडक उन्हात वाळवा.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका. बाथरूमचं ॲसिडही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा.

कुंडीखालची ताटली फक्त ओतून रिकामी करणं पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीही काही महिने तग धरतात. ताटली घासूनच ठेवा.

ठेवणं

पूर्ण वाळलेल्या कुंड्याच ठेवा, पालथ्या. मातीच्या कुंड्या एकात एक घालायच्या तर मधे वर्तमानपत्राची घडी हवी, नाहीतर त्या अडकतात आणि काढताना काठ जातो. प्लास्टिकच्या कुंड्या सावलीत ठेवा, कारण दोन उन्हाळे गच्चीवर राहिल्या की हाताने उचलतानाच तुकडा हातात येतो. कोकणात, किंवा घराला अंगण असेल तर, कुंडी उचलण्याआधी काठीने हलवून घ्या. पालथ्या कुंडीखालची जागा विंचवाला आवडते.

लावायच्या दिवशी

माठ घेताना वाजवून बघतो तशी मातीची कुंडी बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग चांगली कुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी कुंडी नव्या मातीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकते आणि रोप पहिल्याच दुपारी माना टाकतं.

फुटलेली निघाली तर खापऱ्या जपून ठेवा. भोकावर खापरी फुगीर बाजू वर करून ठेवायची, म्हणजे माती अडते आणि पाणी जातं. जास्त झाल्या तर पुढच्या खेपेला पिशवीत घालून आमच्याकडे आणा, आम्हाला रोज लागतात.