बिडाच्या भागांची दुरुस्ती, जुन्या यंत्रांतील

जुन्या यंत्रांचे तुटलेले वा तडकलेले बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भाग सांधून अथवा नव्याने ओतून पुन्हा वापरात आणण्याचे काम. विदर्भात हिंगणघाट, वणी, अकोट, खामगाव या कापूसपेठांच्या आसपास जुने रेचे (कापसातून सरकी काढायची यंत्रे), ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि कडबाकुट्ट्या अजून दिसतात. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले, की काम गावच्या वेल्डिंगवाल्याकडे येते.

बिडात कार्बन साधारणपणे २ ते ४ टक्के असतो आणि करड्या बिडात तो बहुतांशी ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण पोलादासारखे वाकत नाही, एकदम तुटते. पुली घणाने ठोकून काढणे किंवा पाणी आटून तापलेल्या इंजिनात घाईने थंड पाणी ओतणे, ही तड जाण्याची नेहमीची कारणे होत.

तड डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बहुधा पुढे गेलेली असते. भागाला रॉकेल लावून, कोरडा पुसून, वर खडूची भुकटी फासली, की आत मुरलेले रॉकेल पाझरून तडीची काळपट रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून तड तिथेच थांबवतात आणि मगच तिच्यावर व्ही-आकाराची खाच घेतात.

वेल्डिंगमध्ये खरी कसोटी जोडाची नसून थंड होण्याची असते. भाग भराभर निवला तर जोडालगतचे बीड काचेसारखे ठिसूळ होते, त्यात ड्रिल शिरत नाही आणि पुष्कळदा शेजारीच नवी तड जाते. म्हणून भाग आधी सर्व बाजूंनी तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, रात्रभर गरम राखेत पुरून ठेवतात; पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) जाळणाऱ्या गावात राखेला तोटा नसतो. वेल्डिंगऐवजी पितळ वितळवून केलेल्या पितळी जोडाला सुमारे ९०० अंश सेल्सिअस पुरतात, म्हणजे बीड वितळत नाही. मात्र वर्षानुवर्षे तेल प्यालेला भाग आधी तापवून तेल जाळून टाकावे लागते, नाहीतर पितळ धरत नाही. धूर निघणाऱ्या, तापणाऱ्या भागांना हा जोड नको.

तुकडेच झाले असतील, तर ते जुळवून नमुना म्हणून फाउंड्रीत (ओतशाळेत) देतात. बीड निवताना सुमारे १ टक्का आकसते. ३०० मिलिमीटरचे चाक ३ मिलिमीटरने लहान येते, हे विसरले की मेहनत फुकट जाते.

चाकाचा एखादाच दाता मोडल्यास त्याच्या बुडाशी दोन-तीन स्टड (आटे पाडलेल्या खुंट्या) बसवून, वर पितळ चढवून, शेजारच्या दात्यावरून कापलेल्या पत्र्याच्या मापाने तो कानशीने घासून काढतात. हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीला असा दाता पुरतो, इंजिनाच्या टायमिंग गिअरला नाही.